नोंद करणारी

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धाकट्यानं फार समजूतदारपणा दाखवला. म्हणाला, "ताई, तू आईकडे जाऊन राहा. ऑफिसचं मी बघतो. तुला तरी कधी सुट्टी मिळणार?" ताईला भरून आलं. आपला भाऊ असा कुणाचा विचार कधी करायला लागला, याचंच तिला कौतुक वाटलं. धाकटा चाळिशीला टेकला होता, दोन मुलांचा बाप होता, पण ताईच्या लेखी तो अजून शर्टाचं एक बटण चुकवून सगळी बटणं चुकीची लावणारा मुलगाच होता.

दोघांची मिळून एक छोटी कंपनी होती. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन टेबलं, आणि खिडकीत एक पंखा, जो फक्त धाकट्याच्या बाजूला वळायचा. जनावरांच्या दवाखान्यांसाठी त्यांनी इंटरनेटवर चालणारा एक प्रोग्राम केला होता. कुठलं जनावर कुणाचं, कधी आणलं, काय औषध दिलं, पुढची लस कधी, सगळं त्यात राहायचं. प्रोग्रामचं नाव 'शेपटी'. ते ताईनं ठेवलेलं. धाकट्याला ते कधीच रुचलं नाही. "गिऱ्हाईक हसतं गं," तो म्हणायचा. "हसतं म्हणजे लक्षात ठेवतं," ताई म्हणायची.

प्रोग्राम लिहायचं काम ताईचं, विकायचं आणि कागदपत्रांचं धाकट्याचं. तो बसस्टॉपवरच्या खांबाशीही गप्पा मारू शकला असता. ताईचं उलट. तिला कुणी 'कसं काय' विचारलं तरी ती 'कशाबद्दल' असं विचारायची. त्यामुळे दोघांचं छान जमत होतं, किंवा निदान ताईला तरी तसं वाटत होतं.

शेपटी सगळ्यात आधी घेतली ती जनावरांच्या एका डॉक्टरबाईंनी. वयानं ताईपेक्षा पुष्कळ मोठ्या, पण त्याही तिला ताईच म्हणत. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांत भरलेली जुनी कार्डं होती आणि त्यांचं अक्षर असं, की त्यांचं त्यांनाच कधी कधी वाचता येत नसे. ताई दवाखान्यामागच्या खोलीत, पिंजऱ्यांच्या शेजारी टेबल टाकून बसली आणि एकेक कार्ड स्वतः टाइप करत गेली. एक म्हातारा बोका रोज तिच्या कीबोर्डच्या वायरीवर झोपायचा. पुढे आणखी दोन-तीन दवाखान्यांतही तिनं असंच केलं. धाकटा म्हणाला होता, "एखादा टायपिस्ट ठेवू." ती म्हणाली, "टायपिस्टला काय कळणार कुठली नोंद कुठे जायची."

ऑपरेशन होऊन आई घरी आली. टाके अजून निघायचे होते. एका शुक्रवारी सकाळी ताई आईला वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालवत होती, तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला.

"ताई, माझी जुनी जनावरं कुठे गेली?"

"गेली म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. कालचं मांजर आहे, परवाचं कासव आहे. पण मफलर नाही."

मफलर हा काळा कुत्रा. गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून मफलर. त्याच्या पायावरची गाठ आज काढायची होती.

"मागे एकदा भुलीच्या औषधानं त्याचा श्वास अडकला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन औषधं वापरते मी. त्यातलं कुठलं ते आठवत नाही. कार्डावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं."

"कार्ड..."

"कार्डं तू टाकायला लावलीस ना गं. म्हणालीस, आता हे कुठे जात नाही."

"तोवर त्याला टेबलावर घेऊ नका. मी बघते."

"घेत नाही. पण सकाळपासून उपाशी ठेवलाय त्याला. सारखा माझ्याकडे बघतोय."

ताईनं आईला खुर्चीत बसवलं आणि धाकट्याला फोन लावला. त्यानं बऱ्याच वेळानं उचलला.

"हो, दुसऱ्या दवाखान्याचाही आलाय फोन," तो म्हणाला. "काहीतरी गडबड आहे. बघ ना जरा."

"तू काही बदललंस का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं. मी हातही लावलेला नाही. पण सोमवारच्या आत व्हायला हवं हं, ताई."

"सोमवारी काय आहे?"

"काही नाही. एक जण यायचाय बघायला. गिऱ्हाईकच." आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

आईच्या जेवणाच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या बाजूला सारून ताईनं लॅपटॉप उघडला. दवाखान्यातली माणसं आपापलं नाव आणि पासवर्ड टाकून शेपटीत शिरत. ताई त्या वाटेनं क्वचितच जायची. प्रोग्राम ज्या सर्व्हरवर राहायचा, तिथे थेट जायची वाट तिच्याकडे होती, आणि सवयीनं ती तिथूनच आत गेली. रोज पहाटे सगळ्या नोंदींची एक प्रत आपोआप निघायची. काल पहाटेची प्रत तिनं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि त्यात आधी मफलरला शोधलं. तो होता. तिनंच टाइप केलेली ओळ, लाल शाईच्या जागी पुढेमागे चांदण्या टाकलेल्या. तिनं डॉक्टरबाईंना फोन करून औषधाचं नाव वाचून दाखवलं.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिरिंजमध्ये नेमकं तेच भरून ठेवलं होतं मी."

ताईनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"पुन्हा नाही ना जाणार हे?"

"नाही जाणार," ताई म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर येईल, आणि पुन्हा जाणार नाही."

आता शोधायचं होतं ते कारण. शेपटी ज्या फ्रेमवर्कवर उभी होती, तो म्हणजे वेबसाइट बांधायचा एक तयार सांगाडा. बाकीचं पुष्कळसं तो स्वतः करतो. आपण फक्त कोण काय आणि कोण कुणाचं एवढं नीट सांगायचं. मालक म्हणजे काय, जनावर म्हणजे काय, जनावर मालकाचं, भेट जनावराची. या सांगण्यालाच मॉडेल म्हणतात. आणि त्यात एक प्रश्न असतोच: ज्याचं आहे तो गेला, तर जे आहे त्याचं काय करायचं?

हा प्रश्न ताईला एकदा चांगलाच भोवला होता. सुरुवातीच्या काळात एका दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईनं, एक आजोबा वारले म्हणून त्यांचं नाव खोडलं, आणि आजोबांबरोबर त्यांच्या मांजराची सगळी माहितीही गेली. मांजर मात्र ठणठणीत होतं आणि दुसऱ्या दिवशी लस टोचून घ्यायला हजर झालं. तेव्हा ताईनं नियम बदलला होता. मालक गेला तरी जनावर राहील, मालकाची जागा रिकामी.

म्हणून तिनं आधी मालक पाहिले. मालक सगळे होते. मग तिला वाटलं, शोधण्यातच काही चूक असेल, नोंदी असतील पण दिसत नसतील. तसंही नव्हतं, त्या खरोखरच नव्हत्या. नोंदींच्या तक्त्यांची रचना अर्धवट बदलली गेली आहे का, दोन दवाखाने चुकून एकत्र झाले आहेत का, सगळं तिनं पाहिलं. काही सापडेना. मध्येच आईनं हाक मारली, तिला पाणी दिलं, उशी सरळ केली, परत येऊन बसली.

मग तिनं गेलेली जनावरं आणि राहिलेली जनावरं शेजारी शेजारी मांडली. गेलेली बहुतेक जुनी होती, पण काही जुनी राहिलीही होती. आणि गेलेल्यांत एक पोपट होता, अगदी अलीकडचा, गेल्याच महिन्यातला. हा पोपट तिला काही सोडेना. एवढ्या म्हाताऱ्या जनावरांत हा काय करतोय? मग आठवलं. त्या दवाखान्यात नवी मुलगी रुजू झाली होती, तिला शिकवायला ताई गेली होती, आणि "हे असं करायचं" म्हणत पोपटाची नोंद ताईनं स्वतः केली होती.

जनावराच्या प्रत्येक नोंदीला एक रकाना होता: नोंद करणारा कोण. काही चुकलं तर कुणाला विचारायचं एवढ्यासाठीच तो ठेवलेला. तिनं गेलेल्या नोंदींचा तो रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत एकच आकडा. एक. शेपटी सुरू झाली तेव्हा तिच्यात सगळ्यात पहिलं नाव घातलं गेलं होतं ते ताईचं. एक म्हणजे ती.

मालकांचा नियम तिनं बदलला होता. हा नियम मात्र पहिल्या दिवशी लिहिला तसाच राहिला होता: नोंद करणारा गेला, तर त्याच्या नोंदीही जातील. तेव्हा विचार केला नव्हता, कारण तिला कोण खोडणार होतं?

तरी तिनं खात्री करायची ठरवली. लॅपटॉपवरच्या प्रतीत तिनं वापरणाऱ्यांची यादी काढली, आपल्या नावापुढे खूण केली आणि 'काढून टाका' दाबलं. स्क्रीननं विचारलं, या नावाबरोबर खालच्या सगळ्या गोष्टीही जातील, नक्की? खाली जनावरांची लांबच्या लांब यादी. तिनं हो म्हटलं. मग मफलरला शोधलं. मफलर नव्हता. पोपट नव्हता. तिकडे सर्व्हरवर जे जे नव्हतं ते सगळं आता इकडेही नव्हतं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

चूक सापडली की तिला नेहमी एकदम हलकं वाटायचं. या वेळीही वाटलं, आणि लगेच गेलं. तो प्रश्न ज्या स्क्रीनवर येतो, तिथे जायची परवानगी दोघांनाच होती, तिला आणि धाकट्याला.

तिनं फोन लावला.

"मला काढलंस तू?"

"कुठून?" धाकटा म्हणाला.

"किती ठिकाणांहून काढलंयस?"

मग दार लोटल्याचा आवाज आला. तो आतल्या खोलीत गेला असावा.

"ताई, ऐकून तर घे. एक मोठी कंपनी शेपटी विकत घेतेय. त्यांना एकच माणूस हवाय बोलायला. दोन नावं दिसली की त्यांचे वकील फाटे फोडत बसतात. तुझं नुकसान होऊ देईन का मी?"

"शेपटी कुणी लिहिली म्हणून सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, घरच्या घरी केली आम्ही."

"आम्ही म्हटलंस?"

"मी म्हटलं," तो म्हणाला.

तिनं दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारलं. "स्क्रीननं विचारलं असेल ना तुला? नक्की का म्हणून?"

"एवढी मोठी यादी आली. कोण वाचत बसणार. मला वाटलं, तुझं नाव तेवढं जाईल."

"मघाशी म्हणालास, हातही लावला नाही."

"ताई, उगाच ताणू नकोस. आईशी बोल. आईला माहीत आहे सगळं."

आई खिडकीपाशी बसली होती. तिनं फोनवरचं ऐकलं होतंच. ताई समोर जाऊन उभी राहिली तशी ती मांडीवरची चादर सारखी करायला लागली.

"तुला माहीत होतं?"

"तो म्हणाला, सगळं पक्कं झालं की मीच सांगतो ताईला. आधी सांगितलं तर ती शंभर प्रश्न विचारेल."

"म्हणून मला इथे बोलावलं?"

"गुडघा काही खोटा नाही गं माझा," आई म्हणाली. आणि हे खरंच होतं. टाक्यांभोवती अजून सूज होती. "हे बघ, त्याला दोन पोरं आहेत. त्यांची शिक्षणं व्हायचीत. तुझं काय, तू एकटी. तुला कुणाचं करायचंय?"

"तुझं करतेय ना," ताई म्हणाली.

आईनं मान दुसरीकडे वळवली. ताईनं तिच्या दुपारच्या गोळ्या काढून ठेवल्या, पाण्याचा ग्लास जवळ सरकवला आणि परत टेबलाशी येऊन बसली.

पहाटेची प्रत जशीच्या तशी परत चढवता आली नसती. मधल्या वेळात दवाखान्यांनी नव्या नोंदी केल्या होत्या, त्या पुसल्या गेल्या असत्या. जे गेलं तेवढंच उचलून मूळ जागी ठेवायचं होतं, आणि तेही क्रमानं. आधी नोंद करणारी, मग जनावरं, मग त्यांच्या भेटी. जिच्या नावावर जनावर लिहिलंय तीच यादीत नसेल, तर सर्व्हर ते जनावर आत घेत नाही. म्हणजे ताईला आधी स्वतःला परत आणावं लागलं. तिनं स्वतःचं नाव टाइप केलं, पुढे एक लिहिलं, आणि मग बाकीच्यांना आत सोडलं.

जनावरं परत आली. राहिला तो नियम.

इथे ती थांबली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता. ताईला स्वच्छ दिसत होतं: नियम आहे तसा ठेवला, तर धाकट्याला तिला कधीच काढता येणार नाही. काढायला गेला की जुने दवाखाने अर्धे रिकामे होतील आणि फोन घणघणायला लागतील. आणि नियम दुरुस्त केला, तर तो उद्या तिला काढेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. तिला कुणी गुपचूप काढू शकत नव्हतं ते तिच्या या एका चुकीमुळे.

ती बराच वेळ नुसती बसून होती. हात बांधून, लहान मुलं रुसून बसतात तशी. डॉक्टरबाईंना दिलेला शब्द तिला आठवत होता, आणि तो शब्द दिला नसता तर किती बरं झालं असतं, असंही वाटत होतं. मग तिनं मॉडेलची फाइल उघडली आणि नियम बदलला. नोंद करणारा गेला तरी नोंद राहील, नोंद करणाऱ्याची जागा रिकामी. दोनदा तपासून पाहिलं आणि सर्व्हरवर चढवलं.

दुपार कलल्यावर डॉक्टरबाईंचा फोन आला. मफलर शुद्धीवर आला होता आणि त्यानं पट्टी चाटायला सुरुवातही केली होती. सगळी जनावरं दिसत होती. "तू आहेस म्हणून चाललंय बाई माझं," त्या म्हणाल्या. ताईनं बरं म्हटलं.

मग धाकट्याचा आला. त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"आलं सगळं परत. मानलं तुला, ताई." मग खाकरला. "एक विचारू? आता जर नाव काढलं, तर काही जाणार नाही ना?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तरी एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. निदान आजचा दिवस तरी तो जाऊ देईल, असं कुठेतरी तिला वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच जाणार नाही."

संध्याकाळी आईला जेवायला वाढायच्या आधी तिनं एकदा सर्व्हर उघडून पाहिला. जिथे जिथे एक होता, तिथे नोंद करणाऱ्याचा रकाना रिकामा होता. तिनं पान खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. जनावरं सगळी जागच्या जागी होती.

रविवारी धाकटा आला. येताना आईसाठी फळं आणि ताईसाठी एक महागडी पर्स घेऊन आला. जेवताना मुलांच्या शाळेबद्दल बोलला, आईच्या व्यायामाबद्दल बोलला. ताई वाढत राहिली. जेवणं झाल्यावर तो हात धुवायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा तिनं नळ बंद केला आणि विचारलं, "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. नाव काढ म्हटलं असतं. हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

तो टॉवेलला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"तू हो म्हटलं असतंस म्हणूनच," तो म्हणाला. "मग ते आयुष्यभर डोक्यावर घेऊन फिरायचं. माझा अभ्यास तू घेतलास. बाबा गेल्यावर माझी फी तू भरलीस. लग्नातसुद्धा लोक मला सांगत होते, ताईचे पांग फेड. एक गोष्ट मला माझी हवी होती. तू देऊन नको होती."

ताईला वाटलं होतं, तो लाजेल, रडेल, निदान खोटं तरी बोलेल. खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. हे मात्र खरं होतं. तिनं नळ पुन्हा सुरू केला आणि भांडी विसळायला घेतली. तो बाहेर गेला. पर्स खुर्चीवरच राहिली. पुढे ती आई वापरायला लागली.

सोमवारी माणूस आला, त्यानं शेपटी पाहिली, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत व्यवहार झाला. नव्या मालकांनी नाव बदललं. डॉक्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्या ताईला म्हणाल्या, "कुठेही उभी कर मला. सांगेन, ही बाई माझ्या पिंजऱ्यांशेजारी बसून टाइप करत होती, तो भाऊ एकदासुद्धा आत आला नाही, त्याला वास सहन होत नसे." ताई एका वकीलबाईंकडे जाऊनही आली. त्यांनी सगळं ऐकलं, जुने कागद आणि मेल पाहिले, म्हणाल्या, केस उभी राहील. फक्त आईची साक्ष लागेल. तिला काय माहीत होतं आणि कधीपासून, ते तिला सांगावं लागेल. ताई म्हणाली, विचार करून कळवते. कळवलं नाही.

दरम्यान आईचे टाके निघाले, आई काठीवर चालायला लागली, तशी ताई आपल्या घरी परतली. एका कंपनीत तिला नोकरी मिळाली. इतरांनी लिहून बिघडवलेले प्रोग्राम दुरुस्त करायचं काम. तिच्याहून निम्म्या वयाची मुलं शेजारी बसत आणि अडलं की तिला हाक मारत. काम चांगलं होतं. कुणी तिथे तिला ताई म्हणू लागलं, की ती नावानं हाक मारायला सांगायची.

आईशी ती रोज बोलायची. गोळ्या घेतल्या का, चालायला गेलीस का, पाय सुजलाय का. आईला वाटत होतं, सगळं मिटलं. आई तसं शेजाऱ्यांनाही सांगायची.

धाकट्याचा फोन बऱ्याच महिन्यांनी आला. दुपारची वेळ होती, ती ऑफिसात जेवायला बसली होती. डबा अर्धा संपला होता. तिनं नाव पाहिलं आणि उचलला.

"बोला," ती म्हणाली.

तो हसला. "बोला काय, ताई? मी आहे."

"हो, कळलं. बोला ना."

ती वाट बघत राहिली. 'बोला' तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं, तोंडातून आपसूक तसं आलं होतं. आता 'बोल' म्हणावं असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा, पण तो शब्द काही केल्या ओठांवर येईना. पलीकडे एक गाडी हॉर्न वाजवत गेली, कुठल्याशा मुलानं काहीतरी विचारलं, आणि मग धाकटा म्हणाला, "काही नाही. सहज केला होता." तिनं बरं म्हटलं, फोन उपडा ठेवला आणि उरलेला डबा संपवला.